पहिल्या ट्रम्पेटची छाती

४ मार्च

मीठ बंद! तेल-लोणी गेल्या वर्षी हृदयात स्टेन्ट बसवला त्याच दिवशी गेलं होतं, आज मीठही गेलं. उकडलेला भोपळा, वर मिरपूड, आणि ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतेय — नवरा गिळतोय का थुंकतोय. गिळला. बारा महिने गिळतोच आहे.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. रोजचा रक्तदाब लिहायचा, पावलं लिहायची, खाल्लेलं लिहायचं. घ्या. दाब १३८/८८. पावलं ६२००. खाल्लं — ज्याला माणूस खाणं म्हणेल असं काहीही नाही. उरलेलं पान माझं. त्यात मी काय वाटेल ते लिहीन, पुढच्या वेळी त्यांना दाखवायच्या आधी फाडून टाकीन.

७ मार्च

पावलं ६४००. ही खूश. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलीय की माणूस बदलला, पहाटे न उठवता उठतो, स्वतःहून चालायला जातो.

जातो ना! का जातो ते इथेच लिहितो, बोललो तर घरात राहायची सोय उरणार नाही. घराजवळच्या चारही टपऱ्यांवर ही जातीने जाऊन आलीय. 'ह्यांना सिगरेट दिलीत तर माझ्याशी गाठ आहे.' टपरीवाले मला चहा देतात, वर्तमानपत्र देतात, खोकल्याच्या गोळ्या देतात, सिगरेट मागितली की आभाळाकडे बघतात. तीस वर्षांचं गिऱ्हाईक मी! पण पूल ओलांडून, गोदामांच्या मागे, बस डेपोच्या भिंतीला टेकून एक टपरी आहे. तिथवर हिचा हात पोचलेला नाही. जाऊन-येऊन सहा हजार पावलं. दोन तिथेच ओढतो, बाकीच्या खिशात. हृदयाला चालणं मिळालं, मला धूर मिळाला, हिला समाधान मिळालं. कुणाचं काय बिघडलं?

११ मार्च

तपासणी. डोकं अजून तापलेलं आहे.

हृदयाची पट्टी काढली, ठीक आली. वजन चार किलो उतरलं. शाबासकी मिळाली. मग बाईंनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकत बसल्या, आणि विचारलं, सिगरेट? म्हटलं, सोडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं आणि एक मशीन पुढे सरकवलं. ह्यात फुंका म्हणे.

मला हसूच आलं. फुंका! पस्तीस वर्षं फुंकूनच खातोय. बँडचा पहिला ट्रम्पेट आहे मी बाई, मशीन जपून ठेवा, उडेल. फुंकलं. बाई म्हणाल्या पुन्हा. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा. कागद आला. माझ्या वयाच्या माणसात जेवढा दम हवा त्याच्या अर्ध्याहून थोडा वर!

मशीन बिघडलेलं आहे. शिवाय ते तोंडात धरायचं पुठ्ठ्याचं नळकांडं — पाण्याच्या पाइपाएवढं! ट्रम्पेटवाल्याच्या ओठांना ते कसं बसणार? हे सांगितलं तर बाई शांतपणे म्हणाल्या, 'तुम्ही हृदयासाठी चालता, पथ्य पाळता, ते सगळं फुप्फुसांच्याही कामी येतं. पण फुप्फुसं मोडलीत तर हृदय एकट्याने किती ओढेल? दोघांची चूल एक आहे.'

मी म्हटलं, मी हृदय दाखवायला आलोय. टायर दाखवायला नेलं तर हे हॉर्न तपासतात! उंटावरचे शहाणे सगळे.

आणि फुंकणाऱ्याच्या छातीत धूर टिकत नाही, हे आमच्या मास्तरांनी मला सतराव्या वर्षी सांगितलं. ज्यांनी मला ट्रम्पेट हातात धरायला शिकवला ते. दिवसभर हवा आत-बाहेर, आत-बाहेर, काजळी धरायला वेळच कुठे मिळतो. स्वतः ते रोज वीस ओढायचे. गेले चौपन्नाव्या वर्षी, पण ते सर्दीने.

१२ मार्च

दाब १४०/९०. मशीन बिघडलेलंच आहे.

१६ मार्च

आज तालमीत धाकट्यावर ओरडलो. ओरडायलाच हवं होतं.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, तेरा वर्षांनी लहान, बँडचा दुसरा ट्रम्पेट. चौदा वर्षं माझ्या डाव्या खांद्याशी, अर्धं पाऊल मागे बसतो. हिचा आदर्श पुरुष. 'भाऊजींकडे बघा.' भाऊजी सायकलने कामावर जातात. भाऊजी वरून मीठ घेत नाहीत. भाऊजींनी जन्मात कधी सिगरेट ओढली नाही. भाऊजींचा फोटो मढवून भिंतीवर लाव म्हटलं एकदा.

आमची तालमीची खोली टायरवाल्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. सात माणसं, सात वाद्यं, दोन खिडक्या. खिडक्यांना आम्ही जुन्या गाद्या ठोकल्यात, समोरच्या इमारतीने आवाजाची तक्रार केली होती म्हणून. दारालाही आतून गादी. एकदा दार लावलं की तीन तास कुणी उठायचं नाही, हा माझा नियम. सिगरेटसाठी मी खाली जात नाही, दोन जिने उतरा आणि चढा, तेवढ्यात तालीम थंड होते. तिथेच ओढतो. कुणी कधी हूं का चूं केलं नाही.

तर आज ह्याने डावीकडची गादी चार बोटं सरकवली. म्हटलं हे काय? तर म्हणतो, थोडी हवा येऊ दे दादा. हवा हवी तर बासरी घेऊन टेकडीवर जा म्हटलं! तक्रार आली तर खोली जाईल, तुझं काय जातं? गादी होती तशी लावली. खोकला.

आणि दुसरी गोष्ट. शेवटच्या सुराच्या आधीच्या दोन ओळी हा वाजवतच नाही! ट्रम्पेट ओठाला लावून नुसता बसतो. आज पकडला. आळशी म्हटलं, सगळ्यांसमोर. ड्रमवाला मध्येच ड्रमचे पेच आवळायला लागला, क्लॅरिनेटवाला बूट बघत बसला. सगळेच आळशी. एकट्याने ओढायचा हा गाडा!

२१ मार्च

बागेतल्या नव्या संगीत-चौथऱ्याचं उद्घाटन दोन एप्रिलला, आणि वाजवायला आम्ही! समितीचा माणूस स्वतः जिने चढून आला. पसंत पडलं तर वर्षभर दर रविवारी चौथरा आमचा. सात घरांना एका वर्षाचं काम. पण त्याने स्पष्ट सांगितलं, लोकांना तो शेवटचा सूर हवाय.

तो सूर म्हणजे मी. सगळी वाद्यं थांबतात, एकटा ट्रम्पेट उरतो, सोळा मात्रा, एका श्वासात. लोक बोटांवर मोजतात. मास्तरांचे बारा व्हायचे. माझे सोळा, गेली वीस वर्षं. अर्धा दम म्हणे!

२२ मार्च

पावलं ६३००. मीठ नाही. राग भरपूर.

२५ मार्च

सत्यानाश.

आज ही माझ्याबरोबर चालायला आली. एवढं नियमाने चालता, मीही येते, हौसेने नवे बूट घालून. नाही कसं म्हणायचं? दुसरीकडे वळावं म्हटलं तर पाय सवयीचे, नेमके पुलावर. गोदामं गेली. डेपोची भिंत आली. मी दुसऱ्या बाजूला बघत झपाझप निघालो तर त्या टपरीवाल्याने, त्या अकलेच्या कांद्याने, लांबूनच पाकीट उंच धरलं आणि हाक मारली, 'आज उशीर केलात साहेब.'

ही थांबली. पाकिटाकडे बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं.  तीन हजार पावलं परत आलो, एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या, मोकळा झालो असतो.

घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, 'मी सगळ्यांना सांगत होते, माणूस बदलला म्हणून.'

जेवताना ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवली. काठोकाठ. आणि आत निघून गेली.

२६ मार्च

भाजी तळलेली. वर लोण्याचा गोळा. मागितलं नव्हतं! ही म्हणते, खा की, तुमचंच आहे.

खाल्लं. चव लागली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली — म्हणजे आता हिच्यावर चिडायचंही नाही मी?

२९ मार्च

टपऱ्यांवर हिने निरोप दिलाय म्हणे, बंदी उठली. घराखालीच मिळते. चारही टपरीवाले लाजत लाजत देतात, जणू मी काही भीक मागतोय. चालणं राहिलं. पावलं ९००. आज किती ओढल्या लिहीत नाही. दाब १५६/९६.

जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबलो. बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. बुटाला नाडी नाही.

१ एप्रिल

उद्या बाग. गणवेशाची बटणं घासून ठेवलीत. ट्रम्पेटच्या कळांना तेल. माझ्या ताटातलं तेल गेलं तरी त्याचं कधी चुकवलं नाही.

धाकट्याचा निरोप, ताप आहे, उद्या जमेल असं वाटत नाही. आजच! बरोब्बर आजच! आयुष्यभर सायकल मारून, बेचव खाऊन शेवटी काय, एका तापाला कोलमडला. नसेना का. दुसऱ्या ट्रम्पेटवाचून काय अडलंय? शेवटचा सूर कुठे त्याचा आहे?

२ एप्रिल

नऊ.

नवव्या मात्रेला सूर गेला. तोवर सगळं नेहमीसारखं, डोळ्यांसमोर काजवेही नेहमीचेच, आणि मग एकदम नुसता फुस्स आवाज. हवाच नाही. मग शांतता. समोर दोनशे माणसं, बोटं हवेत धरलेली, नवव्यावर. एक म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवत होता, चालायचंच अशा अर्थाने. तेवढं नको होतं! क्लॅरिनेटवाल्याने दोन-तीन मात्रा उशिराने काहीतरी वाजवून झाकलं. टाळ्या पडल्या. मेलेल्या माणसाच्या घरी लोक बोलतात तशा, हळू.

समितीचा माणूस म्हणाला, कळवतो.

३ एप्रिल

कळवलं. रविवार दुसऱ्या बँडला.

मी तालमीच्या खोलीत सगळ्यांना बोलावून झाडलं. ड्रमने लय ओढली, ट्युबाच्या भोंग्याने सूर आधीच सोडला, म्हणून माझा श्वास चुकला. जे तोंडाला आलं ते बोललो. सगळे खाली माना घालून ऐकत होते. शेवटी ड्रमवाल्याने काठ्या पिशवीत घातल्या आणि उठून म्हणाला,

'काल मागे धाकटा नव्हता, एवढंच झालं. दोन वर्षं नवव्यापासून पुढचं तोच वाजवतो.'

मी हसलो. कुणीच हसलं नाही.

मग एकेक करून बोलायला लागले. माझा दम तुटायला आला की तो तोच सूर हळूच धरतो, एवढा हळू की जोड कळत नाही, मग वाढवत नेतो सोळापर्यंत. त्याआधीच्या दोन ओळी वाजवत नाही कारण तेवढ्यात श्वास साठवतो. आळशी म्हणालो होतो मी त्याला! सगळ्यांना ठाऊक होतं. सहाच्या सहांना. दोन वर्षं! झाकली मूठ, आणि मूठ कुणाची तर माझी, आणि मलाच पत्ता नाही.

मला कसं कळलं नाही? हेच डोक्यात घुमतंय. नवव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, कान बंद व्हायचे, आणि सूर तर ऐकू येत राहायचा. मला वाटायचं, तो मीच.

४ एप्रिल

धाकट्याच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो.

उशांना टेकून बसला होता, आडवं झाल्यावर खोकला येतो म्हणे. त्याची बायको चहा ठेवून आत गेली. मी विचारलं, कुणी सांगितलं होतं तुला? भीक घातलीस का मला? माझं नाव, माझी जागा, आणि मी बावळटासारखा लोकांना वाकून नमस्कार करत होतो! हवी तर पहिली खुर्ची घे ना उघड उघड, चोरासारखी मागून कशाला घेतोस?

त्याने पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाला, 'दादा, तू सूर जसा उचलतोस तसा मला ह्या जन्मात उचलता येणार नाही. नुसता धरून ठेवायचा तर कुणीही धरेल.'

ह्याने मी विरघळेन असं त्याला वाटलं असेल. नाही विरघळलो! उलट भडकलो. ही असली चांगुलपणाची माणसं नकोच. डॉक्टरीणबाईंचं ते मशीन आठवलं. म्हटलं, चल, माझ्याबरोबर चल आणि फुंक त्यात. होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष, कुणाची छाती किती ते कागदावर येऊ दे. सायकलवाला, बिनमिठाचा, न ओढणारा — बघू तरी तुझा आकडा. माझा मी सांगून टाकला त्याला, लाज सोडून. अर्ध्याहून थोडा वर.

नको म्हणाला. का? म्हणे काय करायचंय. घाबरलास, मी म्हटलं. नको दादा, पुन्हा तेच. माझ्यापेक्षा मोठा आकडा आला तर मला वाईट वाटेल म्हणून नको म्हणतोयस, दया करतोयस, असं म्हणालो मी आणि चहाचा कप असा आपटला की कान तुटला. मग तो हो म्हणाला.

५ एप्रिल

हिला कुणीतरी सांगितलं सगळं. मला वाटलं आता तरी म्हणेल, भाऊजींकडे बघा. नाही म्हणाली. मिठाची वाटी मात्र ताटाजवळून उचलून फडताळात ठेवली. मी म्हटलं राहू दे. ठेवलीच.

दाब घेतला नाही. ओढल्या सहा. लपवून नाही, गच्चीत, हिच्यासमोर. सहावी निम्म्यावर टाकली, खोकल्यामुळे, उगाच कुणी पुण्य लिहू नये माझ्या नावावर.

६ एप्रिल

उद्या साडेदहाची वेळ. मी आधी फुंकणार नाही, त्यालाच फुंकायला लावणार. शंभर टक्के येईल त्याचं, लिहून देतो. मग एकदा मनसोक्त चिडून घेईन आणि पहिली खुर्ची त्याच्या अंगावर फेकीन. घे म्हणावं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ना माझा — तर नाही जात.

७ एप्रिल

त्याने तीनदा फुंकलं. कागद बघून बाईंनी त्याला विचारलं, किती वर्षं ओढता?

कधीच नाही, म्हणाला.

घरात कुणी? नाही. कामावर? नाही. मग बसता कुठे, एवढा धूर कुठला? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच सांगितलं. माझ्या डाव्या खांद्याशी, चौदा वर्षं.

त्याचा आकडा माझ्याहून कमी आहे. तेवढ्या दमावर तो दोघांचं वाजवत होता.